सागावर सागाचा मुलामा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या बऱ्यापैकी घरांतून हल्ली पापुद्र्यांची दोन कामे निघतात. आत स्वयंपाकघरात चिरोट्यांना पापुद्रे सुटावेत म्हणून साटा लावणे चालते आणि बाहेर ओसरीवर कवाडांना पापुद्रे चिकटवणे चालते. पहिल्या कामाविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. ते नीट जमले तर मी दोन चिरोटे जास्तच खाईन. तक्रार आहे ती दुसऱ्या कामाविषयी. चिरोट्याचा पापुद्रा सुटला तर सुगरणीचे नाव होते. कवाडाचा पापुद्रा सुटला की दारही जाते आणि पैसाही जातो. आणि तो सुटल्यावाचून राहत नाही.

बाजारात या पापुद्र्याला विनियर म्हणतात. सागाचा ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेवर मऊ करून यंत्राच्या लांब पात्याने त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे, कधी त्याहूनही पातळ, काप काढतात. ते काप हलक्या प्लायवर चिकटवून आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असा तक्ता तयार होतो. त्याला दुकानदार 'टीक प्लाय' म्हणतो. तक्त्याची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास. त्यात साग किती, ते वर सांगितलेच. हा तक्ता प्लायच्या कपाटावर किंवा भुश्याच्या फळीवर चिकटवला असता, तर मी लेखणी उचलली नसती. परंतु तो चिकटवला जातो आजोबा-पणजोबांनी करवून घेतलेल्या सागवानी कवाडांवर, दीड-दीड इंच जाडीच्या अस्सल फळ्यांवर. म्हणजे सागावरच सागाचा मुलामा! पितळेवर सोन्याचा मुलामा मी पाहिला आहे. सोन्याच्या पाटलीवर सोन्याचा मुलामा देणारा सोनार मला अजून भेटायचा आहे.

कोणी विचारील, तुम्ही शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिता. सुतारकामात तुम्हाला काय कळते? प्रश्न रास्त आहे. पण दार हे एकट्या सुताराचे नसते. तो ते एकदा करतो. आपण ते आयुष्यभर उघडतो आणि लावतो. ज्याचा हात रोज कडीवर पडतो, त्याला दाराविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार असावा.

आमच्या गावातल्याच एका घराची गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. तशी घरे आता गावोगाव आहेत. घरात मुलीचे लग्न निघाले. ढेलजेचे मोठे दार काळवंडले होते, वरच्या गणेशपट्टीवर धुराची आणि तेलाची पुटे चढली होती. पट्टीवर गणपती कोरलेला आणि त्याखाली 'शके १८४६' अशी अक्षरे. म्हणजे दार १९२४ च्या सुमाराचे. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाला त्या दाराची लाज वाटली. व्याही येणार, फोटो निघणार! त्याने शहरातून ठेकेदार आणला. गावातले म्हातारे वाढई तेव्हा ओसरीवर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, हे लाकूड पावसायात फुगते, उनायात आवयते. त्याच्यावर हे चिटकवलं त कोनतं कोनाचं आयकन?" ठेकेदार हसून म्हणाला, "बाबा, आता केमिकलचा जमाना आहे."

तक्ता चिकटवायचा तर खालचा पृष्ठभाग सपाट हवा. गणपती उठावाचा, तो आडवा येऊ लागला. तेव्हा पटाशीने तो तासून काढला, शकाची अक्षरेही गेली, आणि त्या जागी गुळगुळीत टीक प्लाय बसला. लग्न वैशाखात झाले. दार आरशासारखे चकाकत होते, फोटोही चांगले आले. मग मृग गेला, आषाढ गेला आणि श्रावणात तक्त्याच्या मधोमध फुगवटा आला. हात लावला की पोकळ आवाज येई. भाद्रपदात कडा उकलल्या आणि फळी अशी वाकली की कोयंडा कडीला भेटेना. ज्या दारावरचा गणपती तासून टाकला, ते दार गणेशचतुर्थीच्या रात्री दोरीने बांधून ठेवावे लागले.

यात दैवी कोप वगैरे काही नाही. वाढई जे बोलले, त्याला साध्या शास्त्राचा आधार आहे. लाकूड झाडापासून तोडले तरी हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. ओलावा घेतला की ते फुगते, सोडला की आकसते. गंमत अशी की हे फुगणे-आकसणे लांबीत जवळजवळ होतच नाही. सारे होते ते रुंदीत, रेषांच्या आडव्या दिशेने. ओला साग पूर्ण वाळला तर वर्तुळांच्या दिशेने तो सुमारे साडेपाच ते सहा टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के. साग हे तर त्यातल्या त्यात शांत स्वभावाचे लाकूड. म्हणूनच त्याची दारे करतात. पण शांत माणूस म्हणजे काही दगड नव्हे. एक फूट रुंदीची सागाची फळी घ्या. तिच्यातला ओलावा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सहा टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे साडेतीन मिलिमीटर रुंद होते. तीन फळ्यांच्या कवाडात हा फरक सेंटिमीटरभर होतो. आषाढात दार चौकटीला घासते आणि वैशाखात फळ्यांमधून उजेड दिसतो, हा अनुभव कोणत्या घराला नाही? ते दार बिघडलेले नसते. ते श्वास घेत असते.

आता प्लाय पाहा. त्यात पातळ थर एकावर एक असे बसवलेले असतात, की एकाच्या रेषा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. एक थर फुगू लागला की दुसरा त्याला धरतो. म्हणून प्लाय जवळजवळ हलत नाही. हाच त्याचा मोठा गुण, आणि म्हणूनच त्याच्यावर पापुद्रा सुखाने नांदतो. पण हा न हलणारा तक्ता तुम्ही हलणाऱ्या फळीवर घट्ट चिकटवलात, की दोघांचे भांडण लागलेच. फळी म्हणते मी पसरणार. तक्ता म्हणतो मी हलणार नाही. मग कोणीतरी तुटते. कधी चिकटवण सुटते, कधी वरचा पापुद्रा तडकतो, कधी फळीच चिरते. आणि तक्ता एकाच बाजूला लावला असेल, तर एका बाजूचा ओलावा कोंडला जातो, दुसरी बाजू मोकळी राहते आणि सारे दार ताटलीसारखे वाकते.

हे भांडण आमच्याकडे जेवढे कडाक्याचे, तेवढे थोड्याच ठिकाणी असेल. कोकणात हवा बारा महिने दमट असते. लाकडाला तिची सवय होते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, दुपारची हवा अशी कोरडी की धुतलेले धोतर अर्ध्या तासात कडकडीत वाळते. आणि दोन महिन्यांनी तीच हवा अशी भिजते की काड्यापेटीची काडी पेटत नाही. लाकडाला एवढी ओढाताण सोसायला लावणाऱ्या मुलखात हलत्या फळीवर न हलता तक्ता चिकटवणे हे शुद्ध अविचाराचे काम आहे.

जुन्या वाढयांना टक्केवारी ठाऊक नव्हती, पण लाकडाचा स्वभाव ठाऊक होता. म्हणून त्यांनी चौकटीच्या खाचेत मधली फळी सैल बसवली. तिला सरस लावला नाही, खिळा मारला नाही. फुगायचे तर फुग, आकसायचे तर आकस, चौकट तुला धरून ठेवील पण आवळणार नाही, असा तो करार होता. जाड फळ्यांच्या कवाडात मागून आडव्या पट्ट्या दिल्या, त्याही फळ्यांना हलायला जागा ठेवून. आज आपण ज्याला ओबडधोबड म्हणून नाक मुरडतो, त्या दारात एवढा विचार भरलेला आहे. ठेकेदार येतो, सगळ्या फटी लांबीने बुजवतो, सगळे सांधे गोठवतो आणि वरून तक्ता ठोकतो. शंभर वर्षे चाललेला करार एका दुपारी मोडतो.

आणखीही एक-दोन गोष्टी आहेत. सागाच्या अंगात जात्याच तेल असते; त्याच्यावर काही चिकटवायचे तर पृष्ठभाग ताजा रंधलेला हवा. आमच्या दारांवर तर वर्षानुवर्षे जवसाचे तेल चोळलेले. त्या तेलकट, रंगाळलेल्या फळीवर घाईघाईने डिंक फासून बारीक खिळे मारले, तर तक्ता धरून राहतो तो केवळ खिळ्यांच्या मेहेरबानीवर. शिवाय सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. प्लायचे हलके लाकूड मात्र तिला फराळाच्या ताटासारखे वाटते. म्हणजे ज्या दाराने तीन पिढ्या वाळवीला घरात घेतले नाही, त्याच्या अंगावर आपण तिला अंधारी, दमट आणि भरल्या घरासारखी जागा करून देतो.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिले म्हणणे असे की विनियरमुळे जंगल वाचते. हे खरे आहे आणि मी ते मनापासून मान्य करतो. एक घनमीटर सागाच्या इंचभर जाडीच्या फळ्या पाडल्या तर चाळीस चौरस मीटरही झाकत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचे काप काढले तर कागदावरच्या हिशेबाने तेच लाकूड दोन हजार चौरस मीटर झाकते. नवे कपाट करायचे असेल तर प्लायवर विनियर लावा. त्यात लबाडी नाही, काटकसर आहे. पण जे दार १९२४ सालापासून उभे आहे, त्याचे झाड आता वाचणार आहे काय? ते केव्हाच तुटले. उलट त्याला झाकण्यासाठी तुम्ही आणखी एका झाडाचा काप लावता. जुने झाकायला नवे तोडायचे आणि त्याला जंगल वाचवणे म्हणायचे, हा हिशेब माझ्या सातवीतल्या मुलांनासुद्धा पटणार नाही.

दुसरे म्हणणे असे की विलायतेत मोठमोठे कारागीर भरीव लाकडावर पापुद्रा लावत आले. हेही खरे. ही कला त्यांच्याहीपेक्षा जुनी आहे. मिसर देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या रेखमीरे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सरसाने पातळ लाकूड चिकटवणारे सुतार चितारलेले आहेत. पण विलायती कारागिरांची रीतही पाहा. त्यांचा पापुद्रा करवतीने कापलेला, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असे. खालच्या फळीच्या आणि वरच्या पापुद्र्याच्या रेषा ते एकाच दिशेला ठेवत, म्हणजे दोघे मिळून हलत. चांगला कारागीर दोन्ही बाजूंचा तोल सांभाळी, आणि खालचे लाकूड निवडून, वाळवून घेई. सरस असा, की ऊब आणि ओल दिली तर पुन्हा मोकळा व्हावा. इतके करूनही त्यांच्या कित्येक वस्तूंना तडे गेले आणि ते सांधण्याचे काम संग्रहालयांतून अजून चालू आहे. आजचा ब्लॉकबोर्ड हा त्याच अनुभवातून आलेला शहाणपणा आहे: आत भरीव लाकूडच, पण अरुंद पट्ट्यांचे, आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषांचा थर. एवढी काळजी घेऊन कोणी दागिन्यांची लहानशी पेटी केली, तर मी तिचे कौतुकच करीन. ढेलजेच्या दारावर खिळ्यांनी ठोकलेल्या तक्त्याला मात्र विलायतेचा दाखला देऊ नये.

आणि दाखलेच द्यायचे, तर दुसऱ्या बाजूचेही आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन पंडित प्लिनी याने या युक्तीवर तेव्हाच कुरकुर केली आहे: हलक्या लाकडाला उंची लाकडाची साल पांघरायची आणि एकच झाड अनेकदा विकायचे, असा त्याचा आक्षेप. इंग्रज कादंबरीकार डिकन्स याने १८६४-६५ मध्ये लिहिलेल्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीत एका नवश्रीमंत जोडप्याचे आडनावच 'व्हेनिअरिंग' ठेवले आहे. त्यांच्या घरात सारे काही नवे आणि सारे चकचकीत. मात्र प्लिनी काय नि डिकन्स काय, दोघांनी हिणकसावर चढवलेल्या उंची पापुद्र्याला नावे ठेवली. उंचीवर उंचीचाच पापुद्रा चढवणारा गृहस्थ त्या दोघांच्या स्वप्नातही आला नव्हता. तो मान आपला!

तिसरे म्हणणे कोणी उघड बोलून दाखवत नाही, पण मला तेच खरे वाटते. ते म्हणजे लाज. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली केंद्र सरकारने देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये वाशीमही आला. तेव्हापासून म्हणा किंवा त्याआधीपासून म्हणा, पाहुण्याने आपल्याला मागास समजू नये, ही धास्ती आमच्या मनात घर करून आहे. रस्ते, दवाखाने, शाळा सुधारायला वेळ लागतो. दार एका दिवसात सुधारता येते. म्हणून आम्ही दार सुधारतो. शहरातल्या सदनिकेचे दार जसे एका रंगाचे, गाठीशिवायचे, तसे आमचे दिसले की आम्ही पुढे गेलो असे वाटते. पण शहरातला माणूस सागवान परवडत नाही म्हणून सागाचा पापुद्रा लावतो. त्याची ती अडचण आहे. त्याची अडचण आपण हौस म्हणून अंगावर घ्यायची, यात कसली आली प्रगती?

आणि लाज तरी कशाची? वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात आहे. अजिंठ्याला सव्विसाव्या चैत्यात छताला दगडी फासळ्या कोरल्या आहेत. त्या लाकडी छताची हुबेहूब नक्कल आहेत. यावर कोणी म्हणेल, मग तेही ढोंगच झाले! मी म्हणतो, ते ढोंग नव्हे, तो लाकडाचा गौरव आहे. दगड हाती असताना कारागिराला लाकूड आठवले. आपल्या हाती लाकूड असताना आपल्याला लाकडाचा तक्ता आठवतो. आणि नकलेऐवजी अस्सल पाहायचे असेल तर लोणावळ्याजवळ कार्ल्याला जावे. तिथल्या चैत्याच्या छताला सागवानी फासळ्या आजही आहेत. त्यांना सुमारे दोन हजार वर्षे झाली. त्यांच्यावर कोणी काही चिकटवलेले नाही.

एवढे लांब जायचे नसेल, तर आमच्याच कारंज्याला या. तिथल्या काष्ठासंघी जैन मंदिरात जुने लाकडी कोरीव काम आहे. ते पाहताना ठेकेदाराचा सपाट तक्ता डोळ्यांपुढे आणावा आणि या कोरीव कामावर तो चढवायचा तर काय काय तासून काढावे लागेल, याचा विचार करावा. आणखी एक आठवण देतो. २०२३ च्या मार्च महिन्यात विदर्भातले सागवान बल्लारपुराहून वाजतगाजत अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी रवाना झाले. पुढे त्या दारांवर सोन्याचा मुलामा चढला, हे खरे. पण सागावर साग चढवण्याचे तिथेही कोणाला सुचले नाही. ज्या विदर्भाचे लाकूड देशाने मागून नेले, तिथली माणसे त्याच लाकडाला तक्त्यामागे लपवतात.

सागाचे सोडा, गरिबाघरच्या लाकडाची कथा याहून वाईट आहे. ज्याला साग परवडला नाही त्याने बाभळीचे, कडुनिंबाचे दार केले. ही दोन्ही लाकडे कामाची. बाभळीने पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीची चाके ओढली; कडुनिंबाच्या कडूपणाला किडा सहसा वाटेस जात नाही. आता त्यांच्यावर सागाचा तक्ता चढतो, म्हणजे आपण सागवानवाले झालो! ही लाकडे सागासारखी शांत नसतात, तेव्हा तक्ता आणखी लवकर सुटतो. पण माझे दुःख निराळे आहे. ज्या झाडाच्या सावलीत आपण वाढलो, त्याच्या लाकडाची ओळख पाहुण्यापासून लपवावी, हे मनाला लागते. मुलगा शहरात जाऊन आपली वऱ्हाडी बोली लपवतो, त्यातलाच हा प्रकार.

या सगळ्यात सर्वांत मोठे नुकसान कोणाचे होते? दाराचे नव्हे, वाढयाचे. तक्ता ठोकायला वाकस लागत नाही, रंधा लागत नाही, कुसू आणि खाच जुळवण्याची नजर लागत नाही. एक यंत्र, एक डबा आणि मूठभर खिळे पुरतात. गावातला वाढई जुन्या दारांच्या दुरुस्तीवर तगून होता, तीही गेली. त्याचा मुलगा शहरात त्याच ठेकेदाराच्या हाताखाली तक्ते ठोकतो. बाप जे दार उघडून पाहताच कोणत्या दिशेला वाकेल ते सांगत असे, ते ज्ञान मुलापर्यंत पोचलेच नाही. ते कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही, आणि मोबाइलमध्ये शोधून ते हाताला येत नाही.

मी शिक्षक आहे, म्हणून हे मला जास्त टोचते. आमच्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने हातच्या उद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली. त्या उद्योगांत सुतारकाम होते. आपण ती योजना हळूहळू विसरलो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात पुन्हा सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवावे असे म्हटले आहे, आणि त्या कारागिरांत सुताराचे नाव आहे. धोरण चांगले. पण पाठवायचे कोणाकडे? दहा दिवस तक्ता ठोकायला शिकून माझे विद्यार्थी काय शहाणे होणार? त्यांना शिकवू शकेल असा म्हातारा वाढई गावात अजून आहे. त्याच्या हाताला काम राहिले, तरच त्याच्यापाशी शिकायला काही राहील.

म्हणून वाचकांना माझे सांगणे अगदी घरगुती आहे. दार काळे पडले असेल तर ते झाकू नका, आधी धुवा. रंग चढलेला असेल तर तो काढून घ्या. मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा कोरडा घासून धूळ उडवू नका, ओला करून खरवडा आणि लेकरांना दूर ठेवा. फटी लांबीने बुजवू नका. फार मोठी फट असेल तर वाढयाकडून त्याच लाकडाची पट्टी एका बाजूने बसवून घ्या, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. कोरीव कामाला पटाशी लागू देऊ नका; जुना ब्रश आणि धीर एवढ्याने ते उजळते. शेवटी जवसाचे पक्के तेल पातळ हाताने दोनदा-तीनदा चोळा, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा, मगच फेका.

दीड इंची फळीवर रंध्याचा एक हात फिरवला तर फार तर अर्धा मिलिमीटर जातो, आणि खालून पुन्हा नवे, सोनेरी, वासाचे लाकूड वर येते. विनियरचा सारा जीव तेवढ्याच अर्ध्या मिलिमीटरचा. एकदा घासला की खाली प्लाय. आजोबांनी तुमच्यासाठी असे पन्नास-साठ हात राखून ठेवले आहेत. त्यातला एक तुम्ही वापरा, बाकीचे नातवंडांसाठी असू द्या.

लक्ष्मीपूजनाआधी ठेकेदाराला फोन करण्यापूर्वी गावातल्या वाढयाला घरी बोलवा. त्याला चहा द्या, दिवसाची मजुरी रोख द्या, आणि कवाडाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, वीतभर जागेवर रंधा मारायला सांगा. खालून काय निघते ते सगळ्या घराने पाहावे. मग तक्ता आणायचा की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा.